दुसऱ्या खाचरातील रोप : गेर्टी कोरी यांचे स्मरण

राबातले भाताचे रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले म्हणजे ते जोमाने फुटवे धरते, हे आपल्या शेतकरी बांधवांना नव्याने सांगावयास नको. माणसाच्या बाबतीत हा नियम इतका सरळ नाही. स्थलांतराचा इतिहास सांगताना आपण पुरुषाची नोकरी, त्याचा पगार, त्याने गावी बांधलेले घर यांचा हिशेब मांडतो. त्याच्यापाठोपाठ परदेशी गेलेल्या स्त्रीने मागे काय ठेवले, याची नोंद क्वचितच होते. मायदेशी ती डॉक्टर, शिक्षिका किंवा परिचारिका असते. नव्या देशात तिची पदवी कोणी विचारात घेत नाही. मिळेल ते दुय्यम काम ती पत्करते, आणि पुढे कुटुंबाच्या आठवणीत ‘आईही तेथे काहीबाही काम करीत असे’ एवढेच वाक्य उरते. त्या ‘काहीबाही’ कामात केवढे मोल दडलेले असू शकते, हे पाहावयाचे असेल तर गेर्टी कोरी या विदुषीचे चरित्र आम्हांस फार बोलके वाटते.

गेर्टी थेरेसा रॅडनिट्झ यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, प्राग शहरातील एका ज्यू कुटुंबात झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. वडील ओटो रॅडनिट्झ हे रसायनशास्त्रज्ञ, आणि व्यवसायाने साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचे व्यवस्थापक. पित्याने साखरेच्या उद्योगात आयुष्य वेचले आणि कन्येने शरीरातील साखरेचे कोडे सोडविले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

त्या काळी मुलींच्या शाळांत शिष्टाचार व कलाविषय शिकवीत. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी लागणारे लॅटिन, गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र तेथे पुरेसे नसे. बालरोगतज्ज्ञ असलेल्या मामांनी भाचीला वैद्यकाकडे वळण्याचे सुचविले. १९१२ साली शाळा संपली होती. इतरांना ज्यासाठी अनेक वर्षे लागत, तो सारा अभ्यास या मुलीने थोडक्या काळात भरून काढला आणि १९१४ मध्ये प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविला. पुढे परदेशात जे तिला पुन्हा पुन्हा करावे लागले, त्याची ही जणू पूर्वतयारीच होती. दार अरुंद असेल तर तक्रार करीत उंबरठ्यावर बसावयाचे नाही, हा धडा तिने वयाच्या अठराव्या वर्षीच गिरविला.

याच विद्यापीठात तिची कार्ल कोरी या सहाध्यायाशी ओळख झाली. दोघांनाही गिर्यारोहणाची व संशोधनाची आवड होती. पहिल्या महायुद्धात कार्ल यांना सैन्यात जावे लागले. युद्ध संपले तेव्हा साम्राज्यही संपले होते. १९२० मध्ये दोघांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि त्याच वर्षी ती विवाहबद्ध झाली. कार्ल कॅथलिक होते. विवाहापूर्वी गेर्टी यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला आणि त्यामुळे हा विवाह ख्रिस्तमंदिरात होऊ शकला. परंतु ज्या समाजात माणसाची पारख त्याच्या रक्तावरून होऊ लागली होती, तेथे स्नानसंस्काराने ज्यू कन्येचे भय सरले नाही. कार्ल यांना ग्राझ येथे काम मिळाले, तेव्हा आपला वंश ज्यू नसल्याचा पुरावा त्यांना द्यावा लागला. ज्या ठिकाणी पतीला असे प्रश्न विचारले जातात, तेथे पत्नीला कोणते भवितव्य असणार?

गेर्टीबाई त्या वेळी व्हिएन्नाच्या मुलांच्या रुग्णालयात काम करीत होत्या. कंठस्थ ग्रंथीच्या विकाराने ग्रासलेल्या बालकांच्या शरीराचे तापमान कसे राखले जाते, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. युद्धोत्तर व्हिएन्नात अन्नाची इतकी टंचाई होती की सत्त्वहीन आहारामुळे या तरुण डॉक्टरबाईंनाच डोळ्यांचा विकार जडला. अखेरीस दोघांनी युरोप सोडावयाचे ठरविले. जावा बेटावरील रहिवाशांची वैद्यकीय सेवा करण्यासाठी त्यांनी डच सरकारकडे अर्जही केला होता. परंतु बोलावणे आले ते अमेरिकेतील बफलो शहराच्या कर्करोग संशोधन संस्थेतून. १९२२ मध्ये कार्ल पुढे गेले. काही महिन्यांनी गेर्टीबाई त्यांच्यापाठोपाठ गेल्या.

येथून त्यांच्या आयुष्याची दुसरी मांडणी सुरू होते. पदवी एकच, विद्यापीठ एकच, पण नव्या देशात दोघांच्या खुर्च्या निराळ्या झाल्या. गेर्टीबाईंना रोगनिदान विभागात साहाय्यकाची जागा मिळाली. नेमून दिलेले काम सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासण्याचे. पतीबरोबर संयुक्त संशोधन थांबविले नाही तर नोकरी जाईल, असा इशाराही त्यांना मिळाला. त्यांनी नेमून दिलेले काम केले आणि संशोधनही सोडले नाही. दोघांचे शोधनिबंध एकामागून एक प्रसिद्ध होत राहिले. १९२८ साली या दांपत्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता : आपण जेवतो, त्यातील साखर शरीरात कोठे जाते आणि परत कशी येते? कॅनडातील संशोधकांनी इन्शुलिन नुकतेच शोधून काढले होते आणि मधुमेहाच्या उपचाराला नवी दिशा मिळाली होती. पण साखरेचा शरीरातील प्रवास अद्याप गूढच होता. आपण ओझे उचलतो किंवा धावतो, तेव्हा स्नायूंमध्ये साठविलेले ग्लायकोजेन मोडते आणि पुरेसा प्राणवायू न मिळाल्यास त्याचे लॅक्टिक आम्ल बनते. हे आम्ल रक्तावाटे यकृतात जाते. यकृत त्याची पुन्हा साखर करते, आणि ती रक्तावाटे स्नायूंना परत मिळते. १९२९ मध्ये कोरी दांपत्याने मांडलेल्या या फेऱ्याला आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ‘कोरी चक्र’ म्हणतात. हे नाव केवळ पतीचे नाही, पत्नीचेही आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

कार्ल यांची कीर्ती पसरली तशी विद्यापीठे त्यांना बोलावू लागली, परंतु पत्नीला कोणी बोलाविले नाही. एका विद्यापीठाने तर पत्नीबरोबरचे संशोधन थांबविण्याची अट घातली. पतीसोबत काम करून आपण त्याच्या प्रगतीच्या आड येत आहोत आणि असे वागणे अमेरिकन रीतीला धरून नाही, अशी समज गेर्टीबाईंना बाजूला नेऊन देण्यात आली. कार्ल यांनी ती जागा नाकारली. या नकाराची नोंद आम्हांस महत्त्वाची वाटते. कारण परदेशात स्त्रीने पुन्हा उभे केलेले काम हे तिच्या एकटीच्या जिद्दीवर जसे टिकते, तसेच घरातील माणसाने योग्य वेळी घेतलेल्या भूमिकेवरही टिकते.

१९३१ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांनाही घेतले. कार्ल औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. गेर्टीबाईंना मिळाली केवळ संशोधन साहाय्यकाची जागा, तीही अत्यल्प वेतनावर. जागतिक मंदीचे ते दिवस होते. पतिपत्नींना एकाच संस्थेत पदे देऊ नयेत, असा दंडक अनेक विद्यापीठांत होता. तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असला, तरी त्याची झळ बहुधा पत्नीलाच बसे.

या दुय्यम खुर्चीवर बसूनच त्यांनी आपले सर्वोत्तम कार्य केले. १९३६ साली या दांपत्याने स्नायूंतील ग्लायकोजेनच्या विघटनात तयार होणारे ग्लुकोजचे एक फॉस्फेटयुक्त संयुग वेगळे काढले. तेच पुढे ‘कोरी एस्टर’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना पुत्र झाला. गेर्टीबाई तेव्हा चाळिशीला पोहोचल्या होत्या. प्रसूतीपर्यंत त्या प्रयोगशाळेत होत्या आणि त्यानंतर लवकरच पुन्हा कामावर रुजू झाल्या. घरच्या कामासाठी मदतनीस होती, हे खरे. पण अमेरिकेतही त्या पिढीत मातृत्व आणि प्रयोगशाळा यांची सांगड घालणाऱ्या स्त्रिया विरळच होत्या. हा पुत्र पुढे स्वतः रसायनशास्त्राकडे वळला आणि रसायने बनविणाऱ्या एका मोठ्या उद्योगाचा प्रमुख झाला.

पुढील वर्षांत ग्लायकोजेन मोडणारे फॉस्फोरिलेज हे विकर त्यांनी शोधले, आणि परीक्षानळीत ग्लायकोजेन घडवून दाखविले. सजीव पेशीच्या बाहेर एवढा मोठा रेणू तयार होऊ शकतो, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. १९४३ मध्ये त्यांना सहयोगी प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद १९४७ साली मिळाले. सेंट लुईसला आल्यापासून सोळा वर्षे, आणि बफलोच्या साहाय्यक जागेपासून पंचवीस वर्षे लोटली होती.

ते १९४७ साल आपल्या देशाच्या इतिहासात अविस्मरणीय आहे. १५ ऑगस्टला, गेर्टीबाईंच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी, भारत स्वतंत्र झाला. त्याच वर्षी वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग कोरी दांपत्याला आणि अर्धा अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांना जाहीर झाला. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या गेर्टी कोरी या जगातील पहिल्याच महिला. विज्ञानाच्या कोणत्याही शाखेचा विचार केला, तर मारी क्युरी व त्यांच्या कन्या आयरीन यांच्यानंतर त्या तिसऱ्या. स्टॉकहोमच्या समारंभात कार्ल यांनी सांगितले, की पत्नीलाही हा सन्मान मिळाला याचे आपणांस विशेष समाधान आहे, दोघांचे प्रयत्न परस्परांना पूरक होते आणि एकाला दुसऱ्यावाचून इतका पल्ला गाठता आला नसता.

परंतु सन्मान आणि संकट एकाच वर्षी दारी आले. पारितोषिक जाहीर होण्याच्या काही काळ आधी पर्वतभ्रमंतीत असताना गेर्टीबाईंना अस्वस्थ वाटू लागले. अस्थिमज्जेचा असाध्य विकार निष्पन्न झाला. त्यापुढची दहा वर्षे त्यांना वारंवार रक्त द्यावे लागे. विश्रांतीसाठी प्रयोगशाळेतच त्यांच्यासाठी खाट ठेवलेली असे. थकवा आला की त्या आडव्या होत, आणि बरे वाटले की पुन्हा कामाला लागत.

या दहा वर्षांतील कार्य आम्हांस सर्वाधिक हृदयस्पर्शी वाटते. ज्या तरुण डॉक्टरबाईंनी व्हिएन्नात आजारी बालके पाहिली होती, त्या पुन्हा बालकांच्याच आजाराकडे वळल्या. काही मुलांच्या यकृतात ग्लायकोजेन साचत जाते, पोट फुगते, रक्तातील साखर घसरते. १९५२ मध्ये कोरी दांपत्याने दाखवून दिले, की अशा एका रोगात यकृतातील एका विशिष्ट विकराचा अभाव असतो. पुढे त्याच गटातील दुसऱ्या एका रोगाचे कारणही त्यांच्या प्रयोगशाळेत उलगडले, आणि त्याला ‘कोरी रोग’ हे नाव पडले. वंशपरंपरेने येणारा विकार एका विकराच्या उणिवेपर्यंत नेऊन भिडविण्याची ही वाट पुढे वैद्यकशास्त्रात राजमार्ग ठरली. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रयोगशाळेचे आणखी एक वैशिष्ट्य सांगावयास हवे. इतरत्र स्त्रियांना व ज्यू संशोधकांना दारे बंद असत, त्या काळात ती येथे खुली होती. या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या आर्थर कॉर्नबर्ग, सेवेरो ओचोआ, लुइस लेलॉयर, अर्ल सदरलँड, क्रिस्तियाँ द द्यूव्ह व एडविन क्रेब्ज या सहा जणांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. ज्यांना स्वतःला वर्षानुवर्षे योग्य जागा मिळाली नाही, त्यांनी इतरांना जागा दिली. कडवटपणाला याहून समर्पक उत्तर कोणते असू शकेल?

२००८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यावर कोरी एस्टरच्या रेणूची आकृती छापली होती, पण त्या आकृतीतच चूक राहून गेली. गौरव करतानाही कामाकडे बारकाईने पाहण्याचे राहून जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतून आखातात, आफ्रिकेत, इंग्लंड-कॅनडात गेलेल्या माता काही थोड्याथोडक्या नाहीत. त्यांपैकी कोणास नोबेल मिळाले नाही, आणि ते मिळाल्यावाचूनही त्यांच्या कष्टांचे मोल कमी होत नाही. गेर्टी कोरी यांच्या यशाकडे बोट दाखवून ‘जिद्द असेल तर सारे साधते’ असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. पंचवीस वर्षे उशिरा आलेला न्याय हा अर्धाच न्याय असतो, आणि ज्यांच्या वाट्याला तोही आला नाही अशा किती तरी जणी विस्मृतीत गेल्या आहेत. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते : आपल्या घरातील अशा मातेची हकीकत तिच्याच तोंडून, ती हयात आहे तोवर, लिहून घ्यावी. ती काय शिकली होती, परदेशात तिला कोणती खुर्ची मिळाली, आणि त्या खुर्चीवर बसून तिने प्रत्यक्षात काय केले, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात. पदाचे नाव कागदावर असतेच. केलेल्या कामाची नोंद मात्र कोणी तरी जाणीवपूर्वक ठेवावी लागते.