जागल्याचा हक्क

खानदेशात रात्री गाव राखण्याचे काम भिल्ल जागल्याकडे असे आणि ते बापाकडून मुलाकडे येई. मोबदला म्हणून सुगीला शेतकऱ्यांच्या खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे, कुठे थोडी इनाम जमीनही असे. जबाबदारी कडक होती. चोरी झाली की पावलांचा माग काढत जागल्याने शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावात शिरल्याचे दाखवून दिले की तो तिथल्या जागल्याने उचलायचा. जिथे माग हरवे, त्या गावाच्या माथी भरपाई येई. गुरांच्या खुरांनी अर्धा पुसलेला ठसा ओळखणे ही मोठी विद्या होती. मुलखाची सुरक्षितता तिच्यावर उभी होती.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला आणि गावे ओस झाली. शेतकरीच परागंदा झाला, तिथे खळे कुठले आणि जागल्याचा वाटा कुठला? पेशव्यांच्या ढासळत्या कारभारात दाद घेणारे कोणी उरले नाही. गावोगावचे भिल्ल सातपुड्यात आणि सातमाळ्यात शिरले, नाईकांच्या टोळ्यांना मिळाले आणि एके काळी राखलेल्या वाटाच अडवू लागले. सरकारला त्यांच्यात फक्त गुन्हेगार दिसले. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने तर भिल्लांना कोपरगावला बोलावून घेऊन त्यांची कत्तल केली. पोट भरण्याचे साधन तुटलेल्या माणसांना दिलेले हे उत्तर अमानुष होते, आणि त्याने लूटमारही थांबली नाही.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला. धुळ्याहून कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने डोंगरांत फौजा धाडल्या, शरण येणाऱ्यांना नेमणुका बांधून दिल्या. तरी बंडे उठतच राहिली. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, धोरण पालटले. तीन भिल्ल एजन्सी निघाल्या, शेतीसाठी जमीन आणि तगाई मिळू लागली. धरणगावला बावीस वर्षांच्या जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्या मागावर फौज जात होती, त्यांच्यातलेच तरुण पगारी शिपाई झाले. कंपनीला महसूल निर्वेध हवा होता, दयेचा भाग त्यात थोडाच. पण वेळेवर हातात पडणाऱ्या पगाराने जे साधले, ते तलवारीने साधले नव्हते.

१८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावच्या राखणदाराचे काम कायद्यात बसवले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. पुढे गावोगाव सरकारी मोबदल्यावर कोतवाल नेमले गेले आणि खळ्यावरचा वाटा इतिहासजमा झाला.