मजल, उतार आणि फांसा

खेळांतील प्रवासाचे नियम हा विषय इतिहासाच्या अभ्यासकानें हातीं घ्यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु वाट चालावयास किती दिवस लागतात, दाणावैरण किती लागते, नदी कोठें उतरतां येते, या प्रश्नांवर आमच्या कित्येक मोहिमा तरल्या किंवा बुडाल्या आहेत. हेच प्रश्न सोडविण्यासाठीं गेल्या पन्नासएक वर्षांत पाश्चात्त्यांच्या एका बैठ्या खेळानें मोठे बारकाईचे नियम रचले. आमच्या पवईस १९५८ पासून तंत्रज्ञान संस्था आणि १९६९ पासून तिच्याच आवारांत औद्योगिक अभिकल्पाचें केंद्र आहे; तेव्हां येथील तरुणांस असल्या रचनेची गोडी लागावी हें स्वाभाविकच होय. ते आपला पट मांडतील तेव्हां त्यावर कोणाची भूमि असावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक काल्पनिक पात्र घेऊन त्याच्या वतीनें बोलतात व निर्णय करतात. शंकेचा निकाल फांसा देतो. रानावनांतील प्रवासासाठीं कर्त्यांनीं १९७२ च्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्या एका खेळाचा नकाशा वापरावयास सांगितलें. त्या नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखीं षट्कोनी घरें आहेत. एक घर पांच मैलांचें. पायीं चालणारा दिवसास तीन घरें जातो. अरण्य किंवा वाळवंट असेल तर एका घराचीं दोन मोजावयाचीं, डोंगर वा दलदल असेल तर तीन, आणि उतार नसलेली नदी ओलांडावयाची तरीही तीन. वाट चुकली तर कोणत्या दिशेस भरकटावें हें फांशानें ठरतें. घरास बाजू सहा आणि फांशासही सहाच, ही सोय मोठी गमतीची. या साऱ्याचें मूळ प्रशियाच्या लष्करांत आहे. राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ च्या सुमारास नकाशा व फांसे घेऊन युद्धाचा असाच खेळ सिद्ध केला होता.

दिवसास पंधरा मैल म्हणजे आमचे सात-साडेसात कोस. हिशेब वाईट नाहीं. परंतु आमच्याकडे अंतर खरोखर कोसांनीं मोजलें जात नसे. कोस प्रांतोप्रांतीं निराळा. तें मोजलें जाई मजलांनीं. मजल हा शब्द अरबी ‘मंझिल’ पासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ उतरण्याचें ठिकाण. जेथें विहीर आहे, वाण्याचें दुकान आहे, रात्रीं अंग टाकावयास देऊळ किंवा धर्मशाळा आहे, तेथें दिवस संपे. आजच्या खेळाच्या नकाशावर घरें सारखीं असतात. जुन्या प्रवाशाच्या मनांतील नकाशावर मुक्काम होते आणि त्यांच्यामधला मुलूख केवळ पायांनीं सोसावयाचा असे.

आतां हा नियम एका खऱ्या मोहिमेस लावून पाहूं. उदगीरचा विजय ३ फेब्रुवारी १७६० चा. त्यानंतर सदाशिवरावभाऊ परतूरहून मार्चच्या मध्यास उत्तरेकडे निघाले आणि ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली त्यांच्या हातीं आली. परतूरपासून दिल्ली सरळ रेषेंत सहाशें मैलांहून कांहीं अधिक आहे. खेळाच्या मापानें हा बेचाळीस दिवसांचा रस्ता. वळणें व डोंगर धरून फार तर दोन महिन्यांचा. लागले साडेचार महिने. बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, बायकामुलें होतीं, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. वाटेंत पैसा वसूल करावयाचा होता आणि मित्रांची वाट पाहावयाची होती. तांड्याचा वेग त्यांतील सर्वांत मंद माणसाच्या वेगाइतका, हें खेळाच्या कर्त्यांनीं ओळखलें आहे. परंतु पैशासाठीं थांबावें लागतें, हें त्यांच्या कोष्टकांत आम्हांस कोठेंच आढळलें नाहीं.

खरी गोम पुढें आहे. यमुना ओलांडून दुआबांत शिरावें आणि अब्दालीस गांठावें, असा भाऊंचा पहिला बेत होता. गोविंदपंत बुंदेल्यांनीं इटाव्याजवळ नावा जमवून ठेवाव्या असें त्यांस कळविलेंही होतें. पण पाऊस आला, यमुना फुगली, आणि तो बेत पाण्यांत गेला. उतार नसलेल्या नदीची किंमत तीन घरें, असें नियम म्हणतो. ज्येष्ठाच्या आरंभीं तें खरें असेल. आषाढांत त्या नदीस किंमतच नाहीं, ती भिंत आहे. पुढें भाऊ कुंजपुऱ्याकडे गेले असतां ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीनें बागपताजवळ माणसें गमावूनही यमुना उतरून घेतली, आणि दिल्लीची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ चा दिवस उपासमारीच्या वाटेनें आला.

खेळ रचणारे हिमप्रदेशांतले. त्यांच्या कल्पनेंत वाट अडवितें तें बर्फ. आमचें सारें युद्धशास्त्र पावसाभोवतीं फिरत आलें. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचें तें नद्या उतरूं लागतात म्हणून; आणि ‘छावणी’ म्हणजे पावसाळ्यांत छावून राहण्याची जागा. म्हणून आमच्या भूमीवर बेतलेल्या खेळांत पहिलें कोष्टक मुलुखाचें नसावें, महिन्याचें असावें. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले ते १७ ऑगस्ट १६६६ रोजीं, ऐन श्रावणांत. त्या प्रवासाचा खेळ मांडणाऱ्यानें पाऊस वगळला तर उरेल काय?

ओझ्याचा नियमही असाच. मूळ खेळांत ओझें सोन्याच्या नाण्यांच्या वजनांत मोजतात, आणि ओझें वाढलें कीं चाल मंदावते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं १८५७ चा आपला प्रवास लिहून ठेवला आहे. तो वाचणारास कळेल कीं नाण्यांचें ओझें पायांस जड होण्यापूर्वीं जिवास जड होतें. काका-पुतण्यांनीं दक्षिणेपोटीं मिळविलेलें द्रव्य लुटींत गेलें. अखेर घरीं आली ती गंगोदकाची कावड. कावड भुईवर टेकूं नये हा रिवाज. म्हणजे विसाव्याची जागादेखील ओझेंच ठरवितें. असा नियम कोणा सूत्रधारास सुचला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पवईचा तलाव व त्याच्या उत्तरेचा विहार तलाव हे दोन्ही पांच मैलांच्या एकाच घरांत मावतात. खेळाचा नकाशा येथें एकच खूण काढील: पाणी, किंवा डोंगर. पाण्यास वळसा कोणत्या बाजूनें घालावा, टेकडीची पायवाट कोठें फुटते, हें त्या खुणेंत नाहीं. तें तेथें राहणाऱ्यांस विचारावें लागतें. जुन्या गांवगाड्यांत वाट दाखविण्याचें काम वेसकराकडे असे. त्यास त्याची इच्छा कोणी विचारीत नसे, ही गोष्टही खेळ मांडणाऱ्यानें विसरूं नये. तो प्रवाशास आपल्या शिवेपर्यंत पोंचवी; तेथून पुढें दुसऱ्या गांवचा वेसकर पुढें होई, आणि पहिला अंधारांत एकटा परत फिरे.