इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, मुंबई
मुंबईतील दाट वस्त्या आरोग्यदायी करण्यासाठी १८९८ मध्ये स्थापन झालेली संस्था. १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक प्लेगची साथ उद्‌भवली. कोंदट, अंधाऱ्या चाळी हे रोगाचे मूळ मानून ट्रस्टने जुनी घरे पाडली व रुंद रस्ते काढले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्येच कराची येथे दाखविले होते. पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली. विस्थापित कामगार कामाच्या जागेनजीकच्या चाळींत शिरले व तेथील दाटी वाढली. दादर-माटुंगा योजनेत बागा व मोकळ्या जागा राखल्या गेल्या. तेथे मुख्यत्वे मध्यमवर्ग वसला. परिणामतः स्वच्छ हवा व खेळण्याफिरण्यास जागा यांचा लाभ प्रामुख्याने भाडे परवडणाऱ्यांनाच झाला. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.