काचेच्या सपाट तळापासून मऊ जेलपर्यंत : कर्करोगाच्या प्रसारामागील बलांचा शोध

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून ऊतीचा एक लहान तुकडा संशोधनासाठी काढण्यात आला. तिची संमती घेतली गेली नव्हती. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी साधारण दर चोवीस तासांनी दुप्पट होऊ लागल्या. अखंड वाढत राहणारी ही पहिली मानवी पेशीमालिका ‘हेला’ म्हणून जगभर ओळखली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, लॅक्स मरण पावल्या. कर्करोग शरीरभर पसरला होता. पेशी नळीत कशा वाढतात, हे गे यांना दिसत होते. त्या शरीरात कशा पसरल्या, हे त्या नळीत दिसणे शक्य नव्हते. कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मात्र मूळ गाठीमुळे नव्हे, तर या प्रसारामुळे, म्हणजेच मेटास्टॅसिसमुळे होतात.

या परंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी गे यांच्याच प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभारलेली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा देशातील पहिली मानली जाते. शरीराबाहेर पेशी जगवता येऊ लागल्यामुळे कर्करोगाचा प्रायोगिक अभ्यास भारतात शक्य झाला.

तथापि या पद्धतीत एक गृहीतक दडलेले होते. पेशी ज्या पृष्ठभागावर बसते, त्याचा तिच्या वर्तनाशी विशेष संबंध नाही, असे सोयीने मानले जात होते. वस्तुतः १८८९ सालीच इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून ‘बीज आणि माती’ ही कल्पना मांडली होती. पेशी हे बीज असेल, तर ते कोणत्या अवयवात रुजते हे तेथील मातीवरही अवलंबून असते. १९२० च्या दशकात जेम्स युइंग यांनी याच्या उलट बाजू घेतली : रक्तप्रवाह नेईल तेथे पेशी अडकतात. पुढील संशोधनाने दोघांनाही अंशतः योग्य ठरवले. परंतु ही ‘माती’ किती मऊ वा ताठर आहे, हा प्रश्न दीर्घकाळ विचारलाच गेला नाही.

तो विचारण्यासाठी पात्र बदलावे लागले. १९८० मध्ये आल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी ठेवल्या. पेशी सरकू लागताच पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. पेशी आपल्या आधाराला खेचते, हे डोळ्यांना दिसले. १९९७ मध्ये पेल्हॅम आणि वांग यांनी हव्या तितक्या ताठरतेचे जेल वापरून दाखवले की, पेशींची चाल आधाराच्या ताठरतेनुसार बदलते. २००५ मध्ये व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने हा विचार स्तनाच्या ऊतींपर्यंत नेला. उंदराच्या निरोगी स्तनऊतीची ताठरता सुमारे १७० पास्कल, तर अर्बुदाची सुमारे ४,००० पास्कल आढळली. काचेची ताठरता अब्जावधी पास्कल असते. म्हणजे सपाट काचेवर वाढवलेली पेशी ही निरोगी ऊतीपेक्षा कोट्यवधी पटींनी कठीण जमिनीवर उभी असते. आधार ताठर केल्यावर निरोगी स्तनपेशींनी रचलेले नीटनेटके पोकळ गोलकही विस्कटू लागले.

ताठरतेबरोबर दाबाचा व अरुंद वाटांचाही अभ्यास झाला. १९९७ मध्ये राकेश जैन यांच्या गटाने पेशींचे गोलक अगॅरोजमध्ये वाढवले. सुमारे ४५ ते १२० मिलिमीटर पारा इतका दाब साचल्यावर गोलकांची वाढ थांबली. पसरणाऱ्या पेशीला ऊतीच्या जाळीतील छिद्रांतून जावे लागते आणि तिचा सर्वांत ताठर भाग म्हणजे केंद्रक तेथे अडतो. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की, अशा वेळी केंद्रकाचे आवरण फाटते, पेशी ते दुरुस्त करते, पण दरम्यान डीएनएला इजा होऊ शकते.

बंगळूरमध्येही या प्रश्नांवर काम झाले आहे. हेब्बाळहून येलहंक्याकडे जाणाऱ्या बळ्ळारी मार्गालगत, कृषी विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथे २००० च्या दशकात भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या जी. व्ही. शिवशंकर यांच्या प्रयोगशाळेने पेशीकेंद्रकाच्या यांत्रिकीचा अभ्यास केला. शहराच्या दुसऱ्या भागातील भारतीय विज्ञान संस्थेत रामराय भट यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वळवले. या रोगात पोटात साचलेल्या द्रवातून पेशींचे पुंजके तरंगत पसरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुंजक्यांची दोन रूपे नोंदवली आहेत : तुतीच्या फळासारखे भरीव आणि गुळगुळीत पृष्ठभागाचे पोकळ. पोकळ रूपाभोवती प्रथिनांचे आवरण होते. विकराने ते काढताच पुंजके पुन्हा तुतीसारखे झाले. या रूपांतरामागे केवळ पेशी नव्हे, तर तिने स्वतःभोवती विणलेले आवरणही होते.

या साऱ्यातून उपचार लगेच निघाला, असे मात्र नाही. २००९ मध्ये उंदरांत कोलॅजनचे धागे जोडणाऱ्या विकराला रोखल्यावर ऊतीची ताठरता घटली व अर्बुदांची वाढ मंदावली. परंतु त्याच कुळातील एका विकराविरुद्ध तयार केलेले सिमटुझुमॅब हे औषध स्वादुपिंडाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांत उपयोगी ठरले नाही. जेलमध्ये एक बल वेगळे काढून मोजता येते. शरीरात मात्र रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी आणि कालौघात बदलत जाणारी ऊती एकाच वेळी कार्यरत असतात. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीबाबत तिच्यात काय दिसते याइतकेच, तिच्यातून काय वगळले आहे हेही विचारावे लागते.

आज भारतात असे नमुने रुग्णाच्या संमतीनेच घ्यावे लागतात. हेन्रिएटा लॅक्स यांना तेवढेही विचारले गेले नव्हते. त्यांच्या शरीरात पेशी कशा पसरल्या, हा १९५१ चा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही; तो नेमक्या शब्दांत विचारण्याची साधने मात्र आता हाती आली आहेत.