उल्हासचे गोटे आणि मंगळावरची नदी

पावसाळा सरला की बदलापूरजवळ उल्हास नदीच्या पात्रात काळ्या दगडाचे गुळगुळीत गोटे उघडे पडतात. पुढे कल्याणजवळ काळू नदी येऊन मिळते, उतार मंदावतो आणि डोंबिवली-ठाण्याच्या खाडीकिनारी उरतात ती रेती आणि चिखल. प्रवाहाचा जोर ओसरताना जड ते आधी खाली बसते, हलके दूर जाते. परग्रहांवरील नद्यांचा माग शास्त्रज्ञ काढतात तो याच खुणांवरून.

नुसती नागमोडी दरी दिसली म्हणजे तेथे पाणी होते, असे मानणे धोक्याचे आहे. शुक्रावरील 'बाल्टिस व्हॅलिस' हे सुमारे ६,८०० किलोमीटर लांबीचे पात्र लाव्हारसाने घडविले असावे. ज्या हॅडली घळीच्या काठी १९७१ मध्ये 'अपोलो १५' उतरले, ती चंद्रावरची घळही लाव्हाचीच मानली जाते. किंबहुना सह्याद्रीचा काळा पाषाण हाही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत पसरलेला लाव्हाच. उल्हासचे गोटे हे त्याचेच तुकडे. परंतु लाव्हा असे गोटे घडवीत नाही. त्यासाठी दगडांना वाहत्या द्रवात एकमेकांवर आपटत, घासत जावे लागते.

मंगळावरील गेल विवरात 'क्युरिऑसिटी' या यानाला २०१२ मध्ये असेच गोटे एका खडकात घट्ट चिकटलेले आढळले. वाऱ्याने वाहून न्यावेत इतके ते लहान नव्हते. त्यांच्या आकारावरून तो प्रवाह घोट्यापासून कमरेपर्यंत खोल होता आणि सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने वाहत होता, असे अनुमान निघाले. शनीच्या टायटन या उपग्रहावर १४ जानेवारी २००५ रोजी उतरलेल्या 'हायगेन्स'ने टिपलेले गोटे तर बर्फाचे होते. तेथील तापमान सुमारे उणे १८० अंश सेल्सिअस असल्याने पाणी हाच तेथला दगड आणि नदी मिथेनची!

खाडीतील चिखलासारख्या गाळाचे महत्त्व मात्र निराळेच. सजीवांच्या खुणा टिकल्याच तर अशा बारीक गाळात टिकतात. म्हणूनच 'पर्सिव्हरन्स'ला १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात, प्राचीन त्रिभुज प्रदेशाजवळ उतरविण्यात आले. या विवरात येणाऱ्या सुमारे ४०० मीटर रुंदीच्या कोरड्या नदीपात्रात, 'नेरेत्वा व्हॅलिस'मध्ये, जुलै २०२४ मध्ये त्याला ठिपकेदार मातकट खडक सापडला. हे ठिपके सूक्ष्मजीवांनी घडविलेले असू शकतात, तसेच निव्वळ रासायनिक क्रियेनेही, असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. त्या खडकाचा नमुना यानाने नळीत बंद करून ठेवला. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तो तपासल्याखेरीज यांतले खरे कोणते, हे ठरविणे अवघड आहे.