नारळ आणि नारू

आमच्या परभणीकडे नारळाच्या बागा नाहीत. कुणाच्या अंगणात हौसेने लावलेला एखादा माड दिसतो, एवढेच. तरीही आज नारळाच्या एका रोगाविषयी लिहितो आहे. त्याची हकिकत वाचताना मला सारखा आपल्याकडचा नारू आठवत होता.

वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर १९०५ साली या रोगाची पहिली नोंद झाली. झाडाची पाने पिवळी पडत, फळे गळत आणि दोन-चार महिन्यांत उभा माड मरे. खोड आडवे कापले की आत लाल कडे दिसे, म्हणून त्याला 'लाल कड्याचा रोग' म्हणू लागले. विल्यम नॉवेल यांना त्या खोडात सूत्रकृमी सापडले. १९१९ मध्ये कॉब या शास्त्रज्ञांनी त्या कृमीचे वर्णन करून त्याला नाव दिले. लांबी जेमतेम एक मिलिमीटर! मग तो एका माडावरून दुसऱ्यावर जातो कसा? तर सोंड्या भुंग्याच्या अंगातून. भुंग्याची मादी माडात अंडी घालते, तेव्हा कृमीही आत उतरतात.

नारूचेही असेच. तोही सूत्रकृमीच, फक्त हातभर लांब. आमच्या लहानपणी नारूचे रोगी पाहिलेत. पायाला फोड येई, त्यातून पांढरा दोरा बाहेर पडे आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागे. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे.

त्याचे वाहन फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास ओळखले. ते म्हणजे पाण्यातला सायक्लॉप्स हा बारीक जीव. रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, कृमी पिल्ले सोडी, सायक्लॉप्स ती गिळी आणि तेच पाणी गाव पिई. वर्षभराने नवे रोगी तयार!

नारूवर ना लस होती ना खात्रीचे औषध. पाणी फडक्याने गाळणे, बारवांऐवजी हातपंप, पाण्यात औषध टाकणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर देश लढला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

लाल कड्यालाही औषध नाही. रोगट झाड तोडून नष्ट करायचे आणि सापळे लावून भुंगे पकडायचे. हा रोग अजून अमेरिका खंडाच्या उष्ण भागातच आहे. मात्र त्या भुंग्याचा भाऊबंद आपल्या कोकणातल्या माडांवर आहेच. त्यामुळे बाहेरून येणारे रोप तपासूनच घ्यावे, हा नियम जाचक वाटला तरी शहाणपणाचा आहे.

हल्ली वालूरसारख्या गावांतून जुन्या बारवा स्वच्छ होत आहेत, याचा फार आनंद वाटतो. त्या मुलांना नारू हा शब्दही ठाऊक नसेल. रोग गेला हे उत्तमच, पण तो कसा घालवला हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना नारूच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.