चुलीचाही इतिहास

चांद्याचा इतिहास म्हटला की गोंडराजांचा परकोट व राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी आठवते. पण भगिनींनो, कवेलूंच्या घरातील काळ्या आढ्यालाही इतिहास आहे. जंगलातून डोक्यावर मोळी यावी, तेव्हा चूल पेटे. धुराने वाशांची कीड मरे; बाईचे डोळे व छाती मात्र झिजत. १९३४ साली वर्ध्यास मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला. तेथील मगनचुलीने धूर घराबाहेर काढला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने खेडोपाडी गॅस नेला. तरी सिलिंडर संपले की मोळी आहेच. म्हणून आमचे जुने सैपाकघर दुरुस्त करताना सासूबाई म्हणाल्या, “ओटा मागून बांधा, आधी धुराडे काढा.” भगिनींनो, फरशी निवडण्यापूर्वी धुराची वाट पाहून ठेवावी.